गिधाडांचे रक्षण गोठ्यातूनच

शेतकऱ्याचा म्हातारा बैल मेला म्हणजे त्याच्या विल्हेवाटीची चिंता पूर्वी गावाला फारशी पडत नसे. मेलेले जनावर गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकीत, त्याचे कातडे काढून घेतले जाई, आणि घटकाभरातच मोकळ्या दिसणाऱ्या आकाशात एक काळा ठिपका घिरट्या घालू लागे. मग एकामागून एक ठिपके वाढत, खाली उतरत, आणि पाहता पाहता गिधाडांची मोठी पंगत त्या जनावराभोवती बसे. तासाभरात मांसाचा कण शिल्लक राहत नसे. उरलेली स्वच्छ हाडे उन्हात वाळत व हाडे गोळा करणारे लोक ती उचलून खताच्या कारखान्याकडे धाडीत. दुर्गंधी, माश्या आणि रोगराई यांना वाव मिळण्यापूर्वीच सारे काम उरकलेले असे आणि त्यासाठी कोणालाही छदाम मोजावा लागत नसे.

आज त्याच माळावर निराळे दृश्य दिसते. मेलेले जनावर दिवसच्या दिवस सडत पडते, त्याचा दर्प वाऱ्याबरोबर वस्तीपर्यंत येतो आणि त्याभोवती भटक्या कुत्र्यांची झुंड गुरगुरत असते. वर आकाश मात्र रिकामे असते. ज्यांचे वय आज वीस-पंचवीस वर्षांचे आहे अशा पुष्कळ ग्रामीण तरुणांनी गिधाड प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही. हा पक्षी कोठे गेला आणि तो परत यावा यासाठी शेतकऱ्याच्या हाती काय आहे, या प्रश्नाचा विचार पक्षिप्रेमी मंडळींवर सोपवून चालणार नाही. कारण गिधाडाचा नाश जंगलात झाला नाही. तो गोठ्यातून झाला आणि त्याचे रक्षणही गोठ्यातूनच व्हावयाचे आहे.

गिधाड हा गरुड व घार यांच्याच कुळातील पक्षी. परंतु गरुडाला मिळालेला मान त्याच्या वाट्याला कधी आला नाही. कोणी लोभाने दुसऱ्याच्या संपत्तीवर तुटून पडला की त्याला गिधाडाची उपमा द्यावयाची, ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे. वास्तविक हा पक्षी सहसा जिवंत प्राण्याच्या वाटेला जात नाही, शेतातील दाणा टिपत नाही आणि कोंबडीचे पिलूही उचलत नाही. याच भाषेतील लोकांनी जटायूला मात्र पूज्य मानले आहे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद येथे जटायू घायाळ होऊन पडला आणि त्याच्या मुखी पाणी घालण्यासाठी रामाने तेथे सर्व तीर्थांचे जल आणले, अशी श्रद्धा आहे. कथेतील गिधाडाला तीर्थजल आणि माळावरच्या गिधाडाला शिवी, असा हा दुटप्पी व्यवहार आहे. तिरस्काराच्या या सवयीमुळेच, गिधाडे दिसेनाशी झाली तेव्हा गावोगावी कोणाला फारसे चुकल्यासारखे वाटले नाही.

त्याचे कार्य नीट समजून घेतले म्हणजे ही उपेक्षा किती महाग पडली हे कळते. गिधाडाच्या जठरातील आम्ल अत्यंत तीव्र असते. सडू लागलेल्या मांसातील अनेक रोगजंतू त्या आम्लात नष्ट होतात व पक्ष्याला अपाय होत नाही. डोके व मान जवळजवळ पिसांविरहित असल्याने जनावराच्या पोटात मान घालून खाल्ले तरी घाण अंगाला चिकटून राहत नाही. उंच आकाशातून एकमेकांवर नजर ठेवीत ही गिधाडे फिरतात. एक खाली उतरले की दूरदूरची गिधाडे त्याच्या मागोमाग येतात. म्हणून जनावर कोठेही मरो, त्याचा समाचार लवकर लागतो. हे काम कुत्रा, कावळा वा कोल्हा यांना इतक्या वेगाने व इतक्या स्वच्छतेने करता येत नाही.

१९८० च्या सुमारास भारतात गिधाडांची संख्या कोट्यवधी होती असे मानले जाते. त्या काळी पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत विपुलतेने आढळणारा पक्षी समजला जाई. पुढील दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात काम करणारे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे आढळले आणि १९९९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पक्षी फांदीवर मान खाली घालून बसत, काही दिवसांत गळून पडत आणि घरटी ओस पडत. पुढे देशभर केलेल्या पाहण्यांतून जे आकडे हाती आले ते विश्वास बसू नये असे होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली होती. लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची घट सुमारे ९७ टक्के होती. हजार पक्ष्यांच्या जागी एक उरावा, इतका हा विनाश होता. २०१५ च्या पाहणीवरून पांढऱ्या पाठीची सुमारे ६,००० आणि लांब चोचीची सुमारे १२,००० गिधाडे भारतात उरली असावीत असा अंदाज करण्यात आला.

प्रारंभी या मृत्यूंचे कारण कोणाला उमगेना. कोणी कीटकनाशकांचा संशय घेतला, तर कोणी विषाणुजन्य साथीचा. अखेर पाकिस्तानातील पंजाब प्रांतात लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची कसून तपासणी केली आणि २००४ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मृत गिधाडांच्या काळीज, यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांवर पांढऱ्या खडूसारखा युरिक आम्लाचा थर साचलेला होता. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. याला कारणीभूत झाले होते डायक्लोफिनॅक हे औषध. ताप, सूज व वेदना यांवर माणसाला दिले जाणारे हे औषध १९९० नंतरच्या दशकात स्वस्त झाले आणि गुरांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. औषध टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेले तर त्याच्या मांसात त्याचा अंश राहतो आणि ते मांस खाल्लेले गिधाड दोन-तीन दिवसांत दगावते.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. ज्या शेतकऱ्याने हे औषध आपल्या बैलाला टोचविले त्याच्या मनात गिधाडाविषयी कसलाही वैरभाव नव्हता. खांदेसुजीने हैराण झालेला बैल जू घेईना, कासदाहाने तापलेली गाय दुधाला हात लावू देईना, पाय मुरगळलेली म्हैस उठेना. अशा वेळी मुक्या जनावराच्या वेदना हलक्या व्हाव्यात, एवढाच त्याचा हेतू होता. दयेपोटी दिलेल्या औषधानेच हा संहार घडविला. म्हणून शेतकऱ्याला दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. पण कारण कळल्यावरही तेच औषध वापरत राहणे हा मात्र निश्चितच दोष होय.

औषधाचा अंश असलेली थोडी जनावरे एवढा मोठा नाश कशी करू शकतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर गिधाडाच्या जीवनक्रमात आहे. एका जनावरावर अनेक गिधाडे एकाच वेळी जेवतात, त्यामुळे एक विषारी पंगत संपूर्ण थवा संपविते. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. कोंबडीप्रमाणे किंवा चिमणीप्रमाणे झालेली तूट लवकर भरून काढणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबानुसार, गिधाडांना उपलब्ध होणाऱ्या मृत जनावरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत या औषधाचा घातक अंश असला तरी एवढी घट घडून येण्यास ते पुरेसे ठरते. याचा अर्थ उघड आहे. दहा शेतकऱ्यांपैकी नऊ जणांनी दक्षता घेतली व एकाने घेतली नाही, तर तेवढ्यानेही भागत नाही. पाझर तलावाच्या बांधाला एकच भगदाड पडले तरी तलाव रिता होतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

गिधाडे गेल्याचा भुर्दंड कोणी भरला, याचाही हिशेब झाला आहे. उघड्यावर पडलेले मांस कुत्र्यांना मिळू लागले, त्यांची संख्या वाढली आणि त्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्यांच्या दंशाचे भयही वाढले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १९९२ ते २००६ या काळात या कारणाने अलर्काने झालेले जादा मृत्यू सुमारे ४८,००० असावेत असा अंदाज वर्तविण्यात आला. पुढे २०२४ मध्ये इयल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जेथे पूर्वी गिधाडे विपुल होती त्या जिल्ह्यांची इतर जिल्ह्यांशी तुलना करून, २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली असा निष्कर्ष मांडला. हे अंदाज आहेत, मोजणी नव्हे. तथापि ते दोन वेगळ्या मार्गांनी एकाच दिशेकडे बोट दाखवितात. पिसाळलेल्या कुत्र्याचा पहिला बळी बहुधा रस्त्यावर खेळणारे मूल, रानातून परतणारी मजूर स्त्री किंवा गोठ्यातील वासरू असते. गिधाड वाचविणे हा शहरी लोकांचा छंद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर भारतात बंदी आली आणि २००८ मध्ये ती अधिक कडक झाली. तरीही माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याचे दिसून आले. तेव्हा २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेची असावी असा निर्बंध घालण्यात आला. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या दोन औषधांवर गुरांच्या वापरापुरती बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते, हे येथे विशेष लक्षात ठेवावे. त्यानंतर निमेसुलाईडवरही अशीच बंदी घालण्यात आली. गिधाडांच्या मुख्य जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारणे हा गंभीर गुन्हा आहे.

असे असूनही कायद्याचा हात गोठ्यापर्यंत पोहोचत नाही, ही वस्तुस्थिती मान्य करावी लागते. गुरांचा दवाखाना पाच-दहा मैलांवर असतो. डॉक्टर दौऱ्यावर असतात. बैल मात्र आज लंगडत असतो आणि पेरणी तोंडावर आलेली असते. अशा वेळी जवळच्या औषधाच्या दुकानातून 'दुखण्याचे इंजेक्शन' आणले जाते आणि गावातील कोणी हुशार माणूस ते टोचतो. कुपीवर काय लिहिले आहे ते वाचण्याची सवड कोणालाच नसते. तीन मिलिलिटरची एक कुपी पुरत नसेल तर चार-पाच कुप्या फोडल्या जातात. हा व्यवहार कोणताही निरीक्षक पाहू शकत नाही. तो थांबवावयाचा असेल तर तो करणाऱ्यांच्या समजुतीनेच थांबेल.

गिधाडांची पैदास करणारी केंद्रे आहेत, ती त्यांची संख्या वाढवितील, मग शेतकऱ्याला तसदी कशाला, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. हरियाणात पिंजोर येथे २००४ पासून गिधाडांच्या पैदाशीचे काम पद्धतशीरपणे चालू आहे. तेथून २०२४ मध्ये २० गिधाडे महाराष्ट्रात आणून पेंच व ताडोबा येथे ठेवण्यात आली आणि तेथील हवापाण्याची सवय झाल्यावर त्यांना मोकळे सोडण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. हा प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु व्याघ्रप्रकल्पाची हद्द नकाशावर असते, आकाशात नसते. मोकळे सुटलेले गिधाड अन्नाच्या शोधात दूरदूर जाते आणि ज्या माळावर जनावर पडले असेल तेथे उतरते. तेथील मांसात विष असेल तर वर्षानुवर्षांचे कष्ट व खर्च एका जेवणात वाया जातो. खळे स्वच्छ केल्याशिवाय त्यावर धान्य कोणी पसरीत नाही. तसेच गोठे औषधमुक्त झाल्याशिवाय गिधाडे सोडण्याला अर्थ नाही.

दुसरा आक्षेप असा की, 'आमच्या तालुक्यात गिधाडे उरलेलीच नाहीत, मग आम्ही कशासाठी काळजी घ्यावी?' हा आक्षेपही टिकणारा नाही. गिधाडांच्या वस्तीभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचा मुलूख सुरक्षित असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. एवढ्या वर्तुळात अनेक तालुके, प्रसंगी दोन-तीन जिल्हे सामावतात. नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. २०१७ मध्ये तेथे संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. रायगड जिल्ह्यात म्हसळे तालुक्यातील चिरगावच्या परिसरात उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी ग्रामस्थांच्या सहकार्याने राखली गेली. गडचिरोलीच्या वनक्षेत्रातही गिधाडांसाठी सुरक्षित खाद्य ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. या ठिकाणांपासून आकाशमार्गाने पाहिले असता, आपले गाव दूर आहे असे महाराष्ट्रातील फार थोड्या गावांना म्हणता येईल. जेथे गिधाड नाही तेथेच ते उद्या परत यावयाचे आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा व गुणाचा आहे. जनावराची वेदना ही खरी वेदना आहे. गिधाडासाठी बैलाला तळमळत ठेवा असे कोणी सांगत नाही आणि कोणी सांगितले तरी शेतकऱ्याने ते ऐकू नये. सुदैवाने तसा पेच आज उरलेला नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांचा ताप, सूज व वेदना यांवर उपयुक्त असून गिधाडांना अपायकारक नाही, हे २००६ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झाले. पुढे टोल्फेनामिक आम्ल हेही सुरक्षित असल्याचे आढळले. आरंभी मेलॉक्सिकॅम महाग होते. आता ते अनेक कंपन्या तयार करीत असल्याने सहज मिळते. ते तितके झटपट गुण देत नाही अशी तक्रार काही ठिकाणी केली जाते. पण ज्याची मात्रा अंदाजाने दिली गेली त्या औषधाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्रा जनावराच्या वजनावर अवलंबून असते आणि ती पशुवैद्यानेच ठरवावयाची असते. फ्लुनिक्सिनसारखी अन्य काही वेदनाशामके गिधाडांच्या दृष्टीने धोक्याची आहेत. म्हणून 'डायक्लोफिनॅक नको' एवढे म्हणून न थांबता 'मेलॉक्सिकॅमच द्या' असे स्पष्टपणे मागणे हितावह होय.

चौथा आक्षेप विचारी शेतकऱ्याचा आहे. जनावर पुरून टाकले की दुर्गंधीही नाही आणि गिधाडांची गरजही नाही, असे तो म्हणेल. पुरणे ही चांगली रीत आहे आणि काही प्रसंगी ती अनिवार्यही आहे. पण बैलासाठी खोल खड्डा खणणे कातळाच्या कोकणात किंवा मुरमाड माळरानावर सोपे नाही. यंत्र आणावयाचे तर त्याचे भाडे पडते. उन्हाळ्यात ज्याच्या घरी जनावर मेले त्याच्यावर आधीच संकट कोसळलेले असते. त्यामुळे खड्डा उथळ खणला जातो आणि रात्री कुत्री तो उकरतात. मेलेले ढोर ओढण्याचे काम पूर्वी विशिष्ट समाजांच्या माथी मारलेले होते. ती अन्यायाची प्रथा मोडली हे योग्यच झाले आणि ती पुन्हा येता कामा नये. मात्र तिच्या जागी ग्रामपंचायतीने दुसरी व्यवस्था बहुतेक ठिकाणी उभी केली नाही. गिधाडे असती तर निम्म्याहून अधिक भार त्यांनी उचलला असता. उरलेला भार मात्र गावानेच सार्वजनिकरीत्या उचलावयास हवा.

या दृष्टीने प्रत्येकाचे कर्तव्य स्पष्ट आहे. गुरांच्या दवाखान्याने मेलॉक्सिकॅमचा साठा कधीही संपू देऊ नये, कारण तेथे नाही म्हटले की शेतकरी दुकानाकडे वळतो. दूध उत्पादक संघांनी आपल्या सभासदांना पुरविल्या जाणाऱ्या औषधांत केवळ सुरक्षित वेदनाशामके ठेवावीत. औषध विक्रेत्यानेही माणसांचे इंजेक्शन गुरासाठी मागणाऱ्याला ते देऊ नये. यात त्याचा दोन रुपयांचा तोटा होईल, पण पिसाळलेला कुत्रा त्याच्याही दारावरून जातो हे त्याने विसरू नये. ग्रामपंचायतीने वस्ती, विहिरी व विजेच्या तारा यांपासून दूर अशी एक जागा मेलेल्या जनावरांसाठी मुक्रर करावी आणि तेथपर्यंत वाहतुकीची सोय वाजवी मजुरी देऊन करावी.

शेतकऱ्याच्या वाट्याला येणारी कामे थोडी पण महत्त्वाची आहेत. औषध टोचण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे व ते जनावराच्या नोंदीत लिहून ठेवावे. ज्या जनावराला मेलॉक्सिकॅम व टोल्फेनामिक आम्ल यांखेरीज दुसरे वेदनाशामक नुकतेच दिले गेले असेल, किंवा काय दिले ते ठाऊक नसेल, ते मेल्यास उघड्यावर न टाकता खोल पुरावे. फाशीसारख्या रोगाने जनावर दगावल्याचा संशय असेल तर त्याचे कातडे काढू नये, ते फाडू नये, आणि गुरांच्या दवाखान्याला त्वरित वर्दी देऊन अधिकाऱ्याच्या सांगण्यानुसार चुना घालून पुरावे किंवा जाळावे. गिधाडांच्या भरवशावर असे जनावर कधीही सोडू नये. बिबट्याने वासरू मारले किंवा भटक्या कुत्र्यांचा उपद्रव झाला म्हणून मढ्यावर विष टाकण्याची रीत काही भागांत आहे, ती सर्वस्वी सोडून द्यावी. असे विष ज्याच्यासाठी टाकले तो प्राणी बहुधा वाचतो आणि गिधाडांचा थवा मरतो. बिबट्याने मारलेल्या गुराची भरपाई वनखात्याकडून मिळते. तिचा अर्ज वेळेत करणे हाच त्यावरचा मार्ग आहे. बांधावरचा किंवा वाडीतला जो उंच वृक्ष गिधाडांच्या घरट्याचा आहे, तो तोडू नये.

हे सारे करून काही साध्य होते काय, असे कोणी विचारील तर नेपाळचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. त्या देशानेही २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली; पण तेवढ्यावर तो थांबला नाही. गावोगावी लोकांशी बोलून जुने औषध काढून घेतले व मेलॉक्सिकॅम पुरविले. नवलपरासी जिल्ह्यातील पिठौली येथे ग्रामस्थांनी म्हातारी गुरे एका गोठ्यात सांभाळण्यास आरंभ केला. ती नैसर्गिक मरणाने मेली की औषधाचा अंश नसलेले ते मांस गिधाडांसाठी ठेवले जाई. काही वर्षांनी झालेल्या पाहण्यांत तेथील गिधाडांची घट थांबून संख्या पुन्हा वाढू लागल्याचे आढळले आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्धही झाले. हे यश बेताच्या जमिनीवर राबणाऱ्या सामान्य शेतकऱ्यांचे आहे. त्यांना जे जमले ते सहकारी दूधसंघ, गुरांचे दवाखाने आणि ग्रामपंचायती यांचे जाळे असलेल्या महाराष्ट्राला जमू नये, असे मानण्यास आधार नाही.

गिधाडांचा प्रश्न अन्य पुष्कळ प्रश्नांहून एका बाबतीत सोपा आहे. वाघासाठी जंगल लागते, माळढोकासाठी विस्तीर्ण गवताळ माळ लागतो आणि ते दोन्ही राखताना जमिनीवरून तंटे उभे राहतात. गिधाड शेतकऱ्याकडून एक गुंठाही जमीन मागत नाही, त्याच्या पिकाचा वाटा मागत नाही आणि त्याच्या गुरांच्या उपचारात खंड पाडीत नाही. एका कुपीच्या जागी दुसरी कुपी यावी, एवढीच काय ती त्याची अपेक्षा आहे. इतक्या अल्प मोलात एवढा उपयुक्त जीव वाचविता येत असताना तो नष्ट होऊ दिला, तर पुढची पिढी त्याला अज्ञान म्हणणार नाही, हलगर्जीपणा म्हणेल.

म्हणून यापुढे गोठ्यात जनावर आजारी पडेल आणि टोचण्यासाठी कुपी बाहेर काढली जाईल, तेव्हा तिच्यावरचे नाव वाचण्याइतका क्षणभर विलंब प्रत्येक शेतकऱ्याने अवश्य करावा. ज्याला अक्षरओळख कमी असेल त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ते वाचवून घ्यावे. टाकेदच्या तीर्थावर जटायूपुढे हात जोडणे हा श्रद्धेचा भाग झाला. त्याच्या वंशजाला मात्र निर्विष अन्नाची गरज आहे आणि ते देणे गुरे पाळणाऱ्याच्या हाती आहे. तसे झाले तर गावाबाहेरच्या त्या माळावर, आज ना उद्या, आकाशात पुन्हा एक काळा ठिपका घिरट्या घालताना दिसू लागेल.